बाराव्या दिवसाचं विमान

भावाला सॅन फ्रान्सिस्कोत मुलगी झाली तेव्हा आमच्याकडे मीरा रोडला मंगळवारची सकाळ होती. आईनं लगेच बोटांवर मोजलं, बारावा दिवस पुढच्या आठवड्यातला शनिवार. बाळाच्या कानात नाव सांगून कुर्र करायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. लग्न, मुलं काही माझ्या वाट्याला आलं नाही; हा मान मी सोडणार नव्हते. व्हिसा आधीच काढून ठेवला होता. शनिवारी पोचणारं तिकीट घेतलं, केबिन रोडच्या बाजारातून बाळासाठी कुंची आणली.

तिकीट मात्र मला कळेना. शेजारच्या काकांनी मोबाइलवर बघून सांगितलं, “साडेतेरा हजार किलोमीटर है, बेन. सोला-सतरा घंटे.” तिकिटावर मध्ये विमान बदलून बावीस तास. बरं, निघायचं शनिवारी पहाटे, बावीस तास जायचे, आणि उतरायचं शनिवारीच दुपारी! विचार करून डोक्याचा पार भुगा झाला.

निघायच्या आदल्या दिवशी भावाचा फोन आला. “ताई, घोळ झालाय गं. ती झाली तेव्हा इथे सोमवारची रात्र होती. म्हणजे बारावा दिवस शुक्रवार. लोकांना जेवायला बोलावून बसलोय.”

“मग बारसं शनिवारी करू ना.”

आईनं फोन ओढून घेतला. “म्हणजे तेराव्याला? तेरावं गेलेल्या माणसाचं करतात. शुक्रवारीच उरका. कुर्र तिची मावशी करेल.”

मला इतका राग आला, पण तो भावावर काढावा, आईवर की पृथ्वीच्या फिरण्यावर, तेच समजेना. विमानात खिडकीबाहेरचा दिवस संपता संपत नव्हता. हवाईसुंदरीला विचारलं, आज वार कुठला? तिनं उलट विचारलं, “निघालात तिथला सांगू की पोचणार तिथला?” मी तोंड फिरवून रडून घेतलं.

भावाच्या घरी पोचले तर वहिनी म्हणाली, “पाळण्यात घातलं, गाणी झाली. नाव नाही ठेवलं. माझी बहीण म्हणाली, आत्या वाटेत आहे, मी कशी करू?”

मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी मी बोटांवर मोजलं. आज तर तेरावा दिवस. भावानं आईला फोन लावून स्पीकरवर टाकला. मीरा रोडला रविवार उजाडायचा होता, पण ती जागीच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

“जन्म इथल्या वारानं धर, मंगळवार,” ती म्हणाली. “आजचा वार तिथला धर, शनिवार. आता मोज.”

मी मोजलं. बरोबर बारा भरले. हिशेब साफ खोटा होता, हे माझ्यासारखीलाही कळत होतं. आईला तर कळतच असणार.

मी पाळण्यावर वाकले. बाळाचा कान इतका जवळ आला आणि माझ्या तोंडून नाव फुटेना, नुसतं रडू यायला लागलं.

“काय करतेयस?” आई तिकडून म्हणाली. “बारावा दिवस चाललाय. आटप.”