माईकमध्ये सांगा, सर

शैलाताई पराते चिडल्या की हसत. ही सवय पाण्यातली. तरुणपणी त्या तालबद्ध पोहायच्या. गाण्याच्या ठेक्यावर आठ मुली पाण्यात एकसारख्या नाचतात, तो खेळ. "खाली जीव खाऊन पाय मारायचे अन् वर परीक्षकाले दात दाखवायचे," असं त्या सांगत.

माझी त्यांची ओळख धंतोलीतल्या एका दवाखान्यात झाली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्याच्या तलावात मला चालायला शिकवायला त्या होत्या. वय साठीजवळ, पाठ ताठ. मी कण्हले की म्हणत, "रडू नको वं. पाण्यात आसू कोणाले दिसते?"

विणकर कोष्ट्याची ही मुलगी राज्याच्या संघात पोचली होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या तोंडावर प्रशिक्षकाला तिची जागा एका बड्या असामीच्या लेकीसाठी हवी होती. त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितलं, पोरगी तलावावर मुलांबरोबर नको ते धंदे करते. धादांत खोटं. पोहणं त्याच दिवशी सुटलं. पाठोपाठ लग्नही उरकलं. "बाबा मरेपर्यंत माह्याशी बोलले नाही," एवढंच ताई सांगत. मुलं मोठी झाल्यावर त्या पुन्हा पाण्यात उतरल्या. सकाळी दवाखाना, संध्याकाळी बेसा भागातल्या पोहण्याच्या तलावावर मुलींना शिकवणं.

एकदा लकवा झालेल्या एका म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीवरून आणलं. ताई हसल्या. इतकं गोड, की मीच घाबरले. तो तोच प्रशिक्षक होता. त्याने त्यांना ओळखलंसुद्धा नाही.

"दुसऱ्या कुणाकडे सोपवा ना त्याला," मी म्हटलं.

"काहून? मीच उभं करीन. पडल्या माणसाशी काय भांडू?"

सबंध हिवाळा त्यांनी त्याच्यावर जीव तोडून मेहनत घेतली. तो काठी टेकत चालू लागला. "मले बेटी म्हणते तो!" त्या गोड हसत म्हणाल्या. मग त्यांनी त्याला मुलींच्या पोहण्याच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलावलं. तो खुशीत आला.

हार घालून झाल्यावर ताईंनी माईक हातात घेतला. "सर, मी शैला. धनराज विणकराची पोरगी. माह्या बाबाले तुम्ही माह्याबद्दल जे सांगतलं, ते खरं होतं का खोटं?"

म्हातारा बसायला जागा शोधू लागला. कुणीतरी खुर्ची पुढे केली. ताईंनी ती बाजूला सारली. "उभ्यानंच सांगा. तुम्हाले जमते."

"खोटं," तो पुटपुटला.

"माईकमध्ये, सर."

"खोटं होतं!"

ताईंनी शिट्टी मारून मुलींना पाण्यात उतरवलं.

पुढच्या वर्षी तो वारला. बातमी घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. मी विचारलं, "आता तरी माफ केलंत?"

"कशाले? मेला म्हणून सुटला का तो?" त्यांनी काड्या बाजूला टाकल्या. "मले काहीच पस्तावा नाही वं. फक्त त्या दिवशी बाबा पाहिजे होते. पुढच्या रांगेत."