अकरा पावलं

मास्तर सोमवारी सकाळी उठले ते रागातच. तसे ते रविवारी दुपारपासून रागातच होते, मधे नुसती झोप झाली होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. पस्तीस वर्षं त्यांनी स्टुडिओच्या तळघरात पावलं वाजवली. पडद्यावरचा नायक चालायला लागला की खाली अंधारात मास्तर चालायचे. खलनायक खडीवरून पळाला की मास्तर खडीच्या खोक्यात जागच्या जागी पळत धापा टाकायचे. शूटिंगच्या वेळी पायांचा आवाज नीट येत नाही, तो मागाहून भरावा लागतो, हे बघणाऱ्याच्या गावीही नसतं. नसू दे. स्टुडिओत त्यांना सगळे पायवाले मास्तर म्हणायचे, पडद्यावरच्या नामावलीत नाव कधी आलं नाही, आणि त्याचंही मास्तरांना सोयरसुतक नव्हतं.

पण एका चित्रपटातली अकरा पावलं मास्तरांची नव्हती. ती त्यांच्या बायकोची होती.

झालं असं, की त्या दिवशी सकाळीच मास्तरांच्या तळपायात खिळा घुसला. पाय सुजून भोपळा झालेला आणि नेमका नायिकेचा मोठा प्रसंग भरायचा होता. लांब व्हरांडा, टोकाला बापाची खोली, आत बाप शेवटचे श्वास मोजतोय आणि ज्या मुलीला त्यानं घराबाहेर काढलं ती मुलगी त्या दाराकडे चाललीय. पडद्यावर फक्त तिचा चेहरा. पाय दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. मास्तरीणबाई डबा घेऊन आल्या होत्या. दिग्दर्शक म्हणाला, ह्यांनाच चालू दे. बाईंनी लाकडी तळाच्या सपाता पायात सरकवल्या आणि चालल्या. लहानपणी त्यांचा उजवा पाय मोडला होता, त्यामुळे तो कायम इतकासा उशिरा पडायचा. अकरा पावलं झाली, दिग्दर्शकानं डोळे उघडले आणि दुसऱ्यांदा चालायला सांगितलंच नाही.

त्या उशिरा पडणाऱ्या पावलावर पुढे लोकांनी पानंच्या पानं लिहिली. पारितोषिक नायिकेला मिळालं. मास्तरीणबाईंना सपाता मिळाल्या.

नऊ वर्षांपूर्वी बाई जिन्यावरून पडल्या आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. सून त्यानंतर घरात आली. पोरगी गुणाची. रोज सासूच्या पायांना तेल लावते, पण त्या पायांवर सासूला उभं राहिलेलं तिनं कधी बघितलं नाही. बाई तेल लावून घेताना सांगायच्या, माझी चाल थेटरं भरभरून लोकांनी ऐकलीय. सून "हो ना आई" म्हणायची. आता "हो ना आई" हे किती प्रकारे म्हणता येतं ते बाईंना चांगलं कळत होतं. सूनबाईंना ती थाप वाटत होती. मायेनं खपवून घेतलेली, पण थापच. त्यामुळे बाईंना तो चित्रपट एकदा सुनेला ऐकवायचा होता. बाकी काही मागणं नव्हतं त्यांचं.

घरात त्याची कॅसेट होती, पण ती लावायचं यंत्र कधीचंच बंद पडलेलं. आणि त्यातच कंपनीनं डांगोरा पिटायला सुरुवात केली. पन्नास वर्षांनिमित्त सुवर्णसंच! नवं चित्र, नवा आवाज! चार महिने जिकडे बघाल तिकडे नायिकेचा चेहरा, कपावर, उशीच्या अभ्र्यावर, छत्रीवर. आणि किल्ल्या अडकवायला बोटभर सपाता! शेवटी दुकानावर पाटी लागली, "जुनी कॅसेट आणा, नवा संच न्या." मास्तर दुसऱ्याच दिवशी कॅसेट घेऊन निघाले. नवं ऐकल्याशिवाय जुनं हातचं सोडू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. पण ऐकतील ते मास्तर कसले.

रविवारी दुपारी तिघं टीव्हीसमोर बसली. व्हरांडा आला, चेहरा आला, आणि पावलं वाजली टक, टक, टक, टक. एकसारखी, कवायतीला निघाल्यासारखी. मास्तरांनी मोजली, चौदा भरली. अकराची चौदा! ते ताडकन उभे राहिले.

"ही माझी नव्हेत," बाई म्हणाल्या.

सून हलकेच म्हणाली, "असू दे आई. इतक्या वर्षांपूर्वीचं कुणाच्या नीट लक्षात राहतं?"

ती चांगुलपणानंच बोलली, आणि तेच बाईंना जास्त लागलं. आणखी काय दिवे लावलेत ते बघू, म्हणून मास्तरांनी संचातली दुसरी तबकडी लावली. तिच्यात कुणी एक जाणकार, गळ्यात मफलर, वीस मिनिटं त्या उशिरा पडणाऱ्या उजव्या पावलाबद्दल बोलत होता. नायिकेनं म्हणे महिनाभर चपलेत खडा ठेवून सराव केला. आणि पुरावा म्हणून मागे वाजत होती ती टक टक टक टक! अरे, कान आहेत का भोकं? मास्तरांनी त्या जाणकाराच्या सात पिढ्या उद्धरल्या, अगदी नावं माहीत नसतानाही.

तर असे ते सोमवारी दुकानात पोचले. गल्ल्यामागचा व्यवस्थापक गोडबोल्या होता. त्यानं समजावलं, की जुन्या आवाजात खरखर फार होती, आजच्या लोकांना चालत नाही, म्हणून कंपनीनं सगळं स्वच्छ करून पावलं नव्यानं भरली.

"घर झाडायला घेतलंत आणि घरातली माणसं फेकून दिलीत?" मास्तर म्हणाले. "ठेवा तुमचा संच. माझी कॅसेट द्या."

व्यवस्थापकाचा चेहरा पडला. त्यानं नुसतं दाराकडे बघितलं. मास्तर आत येताना त्याच दारातून आले होते, रागाच्या भरात वर बघितलं नव्हतं. दाराला शेकडो जुन्या कॅसेटची कमान केली होती. प्रत्येकीतली फीत ओढून काढून, हात हात लांबीची कापून खाली सोडली होती. तपकिरी झिरमिळ्या. लोक त्यांत उभे राहून हसत फोटो काढत होते.

मास्तरांनी स्टूल ओढलं आणि वर चढले. सत्तरी उलटलेला माणूस, रखवालदार ओरडतोय, आणि हे एकेक कॅसेट वाचतायत. डावीकडे तिसऱ्या रांगेत ती सापडली. चिठ्ठीवर बायकोचं अक्षर होतं, "ह्यावर दुसरं काही भरू नये." मास्तरांनी ती उपटून घेतली. आत काही नव्हतं. तिची फीत त्या शेकडो झिरमिळ्यांत कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मास्तर खाली उतरले. व्यवस्थापक घाबरला होता, त्यानं दिलगिरी म्हणून त्यांच्या हातात किल्ल्यांच्या सपाता ठेवल्या. मास्तरांनी त्या त्याच्या चहाच्या कपात सोडल्या, संच परत काखोटीला मारला आणि ते घरी आले.

घरी त्यांनी कंपनीला, मफलरवाल्याला आणि शेवटी स्वतःला शिव्या घातल्या. मी दिली, मी माझ्या हातानं नेऊन दिली, असं म्हणत राहिले. बाई मोकळी कॅसेट मांडीवर घेऊन अक्षर बघत होत्या.

"झालं तुमचं?" त्या म्हणाल्या. "मग माळ्यावरच्या सपाता काढा."

सपाता निघाल्या. सुनेनं टीव्हीचा आवाज बंद करून तो व्हरांडा लावला. मास्तर सपाता घालून फरशीवर चालले. पस्तीस वर्षांत त्यांनी राजे चालवले, चोर चालवले, दारुडे चालवले. बाईंनी मान हलवली. त्यांनी परत केलं. परत मान हलली.

"तुमचं पाऊल वेळेवर पडतं," बाई म्हणाल्या. "आणा इकडे."

त्यांनी खुर्ची जेवणाच्या टेबलाला लावून घेतली, दोन्ही सपातांत हात घातले आणि पडद्याकडे बघितलं. नायिकेचा चेहरा आला. टेबलावर डावी सपात पडली. मग उजवी, इतकीशी उशिरा, तिला त्या दाराशी जायचंच नसावं तशी. मास्तरांनी सवयीनं मोजायला सुरुवात केली आणि चारवर सोडून दिलं. अकरावं पाऊल पडलं, नायिका दाराशी थांबली आणि बाईही थांबल्या.

सून हातात रिमोट घेऊन तशीच उभी होती. मग खाली बसून तिनं सासूच्या पायांवर हात ठेवला.

"आई, खरंच तुम्ही होतात," ती म्हणाली. "अजून एकदा, आई."

बाईंनी सपातांतून हात काढले आणि मनगटं चोळली.

"थांब गं जरा," त्या म्हणाल्या. "पाय दुखले माझे."