शुक्रवारची मिस्सा

बहारीनला जायचं आमच्या घरात ठरलं ते एका पत्रामुळे. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझा मोठा भाऊ विल्सन तिथल्या एका हॉटेलात गिटार वाजवायचा. त्याने लिहिलं होतं, "पुढच्या महिन्यात, दुसऱ्या आठवड्यात, मोठ्या मिस्साला मी एकटा वाजवणार आहे. पप्पांना घेऊन ये." आम्ही वसईचे ख्रिस्ती, चर्चला देऊळच म्हणतो आणि तिथल्या मुख्य प्रार्थनेला मिस्सा. पप्पांनी सगळं आयुष्य देवळात व्हायोलिन वाजवण्यात घालवलं. विल्सनने व्हायोलिन टाकून गिटार धरली, तेव्हापासून सहा वर्षं ते त्याच्याशी धड बोलले नव्हते. पत्र ऐकून ते म्हणाले, "पासपोर्टला फोटो किती लागतात?" मला तिथेच रडू आलं.

तुम्ही जाणार असाल तर एक सांगते, व्हिजाची धावपळ आता तेव्हासारखी नाही. आमचे कागद विल्सनने तिकडून पाठवले होते आणि ते येईपर्यंत पप्पांनी पोस्टमनचं डोकं खाल्लं. तिकीट शनिवारचं काढलं. रविवारच्या मिस्साला ताजेतवाने असावं, एवढाच हिशेब.

विमानात मी विल्सनची जुनी पत्रं वाचून दाखवली. तो वाजवणार होता ती रचना स्पेनच्या एका संगीतकाराची होती. लहानपणी आजारात त्या माणसाची दृष्टी गेली. तो सूर ब्रेलमध्ये टिपायचा आणि मग एकेक सूर सांगून दुसऱ्याकडून कागदावर उतरवून घ्यायचा. मधला संथ भाग त्याने जन्माआधीच गेलेल्या बाळाच्या दुःखात लिहिला, असं म्हणतात.

"आणि हा आंधळा माणूस गिटार वाजवतो?"

"नाही पप्पा, तो पियानो वाजवतो. गिटार त्याला येत नाही म्हणे."

"मग बरा माणूस आहे," पप्पा म्हणाले.

मुहर्रकच्या विमानतळावर विल्सन न्यायला आला होता. बारीक झाला होता. पप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सहा वर्षांनंतरचा पहिला प्रश्न विचारला, "उद्या मिस्सा किती वाजता?"

विल्सनने आमची बॅग खाली ठेवली. "मिस्सा काल झाली, पप्पा. इथे सुट्टी शुक्रवारी. मोठी मिस्सा शुक्रवारीच असते. तुमचं पत्र मला गुरुवारी मिळालं, आणि घरी फोन नाही, कळवणार कुठे?"

वसईत मोठी मिस्सा म्हणजे रविवार. दुसरा वार असू शकतो हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. इतकी वर्षं तिथे राहून विल्सनलाही ते लिहावंसं वाटलं नाही. टॅक्सीचा ड्रायव्हर बाहेरचं पाणी दाखवून हिंदीत सांगत होता की सौदीपर्यंत पूल बांधतायत.

विल्सन झिंज नावाच्या वस्तीत एका खोलीत राहायचा, खाली किराणा आणि न्हाव्याचं दुकान. रविवारी तो आम्हाला मनामाच्या बाजारात घेऊन गेला. तिथली भट्टीतली गरम रोटी, म्हणजे खुबूस, अवश्य खा, नुसती चहाबरोबरही छान लागते. संध्याकाळी छोटी मिस्सा होती. पेटीच्या साथीवर पाच-सहा जण गात होते. बाहेर पडताना विल्सनच्या ओळखीची एक नर्स पप्पांना म्हणाली, "अंकल, शुक्रवारी तुम्ही पाहिजे होतात. कम्युनियनचा प्रसाद दिल्यावर वाजवलं त्याने. काय वाजवलं!" पप्पा हसले आणि रुमाल शोधू लागले. रेकॉर्ड कोणी केलं नव्हतं.

सोमवारी दुपारी पप्पा म्हणाले, "इथेच वाजव की. मी एकटा ऐकतो."

विल्सन टाळत होता. देवळातला ऑर्गनवाला शनिवारीच सुट्टीवर मंगलोरला गेलाय, साथ नाही, मजा येणार नाही. पप्पा हटेनात तेव्हा त्याने गिटार काढली. दोन-तीन सूर वाजले आणि पप्पांचा चेहरा बदलला. "वरच्या दोन तारा उतरल्यात," ते म्हणाले. विल्सन मान खाली घालून वाजवतच होता. पप्पांनी पुन्हा सांगितलं, मग उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऐकू कधीपासून येत नाही?"

"दोन वर्षं झाली. बारीक आवाज गेले, बाकीचे पण जाणार, डॉक्टर म्हणाला. शुक्रवारी ऑर्गनवाल्याने तारा लावून दिल्या होत्या." तो हसला. "म्हणून तर बोलावलं, पप्पा. ते शेवटचं होतं. खलास."

मला इतकं वाईट आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. ज्या वाद्याला पप्पा सहा वर्षं नावं ठेवत होते, ते त्यांनी मांडीवर घेतलं, कान लावला आणि एकेक तार जुळवली. गिटार परत देऊन म्हणाले, "आता वाजव." विल्सनने वाजवलं. मधे दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा थांबला आणि त्याने गिटार पलंगावर ठेवली. पप्पा म्हणाले, "चहा कर ग." मी गॅसपाशी जाऊन उभी राहिले.

आम्ही शुक्रवारच्या आत परतलो. आजही कोणी विचारलं तर मी सांगते, बहारीनला जा, थंडीत जा, आणि तिथला सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. माझ्याकडे त्या प्रवासाचा एकही फोटो नाही.

घरी आल्यावर लोक विचारायचे, पोरगा कसा वाजवतो? पप्पा सांगायचे, "मोठ्या मिस्साला वाजवलं त्याने. अख्खं देऊळ गप्प." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले, पण त्यांना खोडून काढावंसं वाटलं नाही. पुढे ते कोण रडलं, फादर काय म्हणाले, तेही सांगायला लागले.

दोन वर्षांनी विल्सन कायमचा परत आला. तोवर त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. एका संध्याकाळी पप्पा ओट्यावर शेजाऱ्यांना तेच सांगत होते. विल्सनने मला विचारलं, "काय सांगतायत?" मी कागदावर लिहिलं, "त्या शुक्रवारी तू कसं वाजवलंस ते."

त्याने वाचलं. मग पप्पांकडे वळून, आपला आवाज आपल्यालाच कळत नसल्यामुळे फार मोठ्याने म्हणाला, "पप्पा, तुम्ही पहिल्या बाकावर होतात. मी बघितलं तुम्हाला."