अंगणातली पांढरी माती
किटलीच्या बुडाला पांढरा थर दिसला की लातूरच्या घराचं अंगण आठवतं. टंचाईच्या वर्षी आईला मीच बजावलं होतं, आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी फेकायचं नाही, झाडांना घालायचं. तिनं दोन वर्षं बादल्या वाहिल्या. एका दुपारी घरी गेलो तर जाई वाळलेली, वांग्याची पानं कडेनं करपलेली आणि मातीवर पांढरी पापडी. "तू म्हणलास म्हणून घालायलेय मी," आई म्हणाली, "पण गांडुळं कुठं गेली रे?" तिनं खुरप्यानं वीतभर खणलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. मग मूठ माझ्या नाकाशी धरली. मातीला वासच नव्हता. बोअरच्या पाण्यातले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात उतरतात, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला तेव्हाच कळलं. तरी मी म्हणालो, "शेणखत कमी पडलं असेल." तिनं ते खरं मानलं. गेल्या महिन्यात आई गेली. आमच्यात पुरतात. मूठमाती द्यायला वाकलो, तर हातातल्या ओल्या मातीत एक गांडूळ वळवळत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "टाक की, थांबलास कशाला?"