ओलं वजन

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. निवृत्त होऊन विरारजवळ नंदाखाल गावातल्या वाडीत परतलो, त्यालाही बरीच वर्षं झाली. गावात मला ‘औषधं शोधणारे सर’ म्हणतात — आणि मी म्हणू देतो.

मुंबईच्या एका प्रयोगशाळेत आम्ही क्षयरोगावर चालेल असा एक रेणू बनवत होतो. म्हणजे पहिल्यांदा मीच बनवला. असा पदार्थ हाती आला की त्यात राहिलेलं द्रावक उडवून लावायचं, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवायचं आणि मगच वजन लिहायचं. एवढा साधा नियम. मी थांबलो नाही. पांढरी पावडर दिसली, तोलली, आकडा झकास आला — तोच शोधनिबंधात लिहिला. दुसऱ्या दिवशी हवा खेचणाऱ्या निर्वात पंपावर सुकवून पुन्हा तोलली. निम्मी भरली. निबंध तोवर गेला होता का? नाही. माझ्याच टेबलावर होता. मी तो तसाच पाठवला.

मग सुनंदा आली. माझ्याकडे पीएचडी करायला, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातून. तोच रेणू बनवताना तिच्या हातून दरवेळी निम्माच पदार्थ निघायचा. सहा वेळा केलं तिनं. मला राग यायचा — नाही, राग नव्हता तो. भीती होती.

एकदा सगळ्यांसमोर मी म्हणालो, “घरी बोंबील सुकवायची सवय ना, इथंही जास्तच सुकवतेस वाटतं!” सगळे हसले. तीही हसली. मग म्हणाली, “ओला बोंबील सुका म्हणून तोलला तर माझी आय मला घरात घेनार नाय, सर.”

तिला कळलं होतं का? मला अजून ठाऊक नाही. त्याच आठवड्यात मी तिच्या अहवालात लिहिलं — ‘हाताला सफाई नाही. काम भरवशाचं नाही.’ तिची फेलोशिप बंद झाली. ती गेली तेव्हा मला काय वाटलं? हायसं वाटलं.

गेल्या महिन्यात एका तरुण प्राध्यापिकेची ईमेल आली. जंतू आताच्या औषधांना दाद देईनासे झालेत, म्हणून त्यांचा गट जुने रेणू पुन्हा तपासतोय. त्यात माझाही आहे. तुमच्याइतका पदार्थ मिळत नाही, काही खुबी होती का, असं तिनं विचारलं होतं. आणि मी — या वयात — काय लिहिलं असेल? ‘हवेतला ओलावा सांभाळा.’

तिचं उत्तर आलं, ‘आभारी आहे, सर. आमची विद्यार्थिनी नवीन आहे, तिचंच चुकत असणार. तिला पुन्हा करायला लावते.’

दोन दिवस मी ते उत्तर उघडून बसलो. मग त्या प्राध्यापिकेला आणि माझा निबंध छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना कळवलं, की छापलेला आकडा खोटा आहे, तो मी जाणूनबुजून दिला, आणि खरा आकडा सुनंदाच्या नोंदवहीत आहे.

सुनंदा विरारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. त्यानंतर एकदा आगाशीच्या बाजारात समोरून आली. मला पाहून थांबली, “सर, बरे आहात ना?” म्हणाली. मी ‘हो’ म्हणालो आणि केळ्यांचा भाव विचारायला वळलो.

तिला मी अजून काहीही सांगितलेलं नाही.