बसथांब्यावरचा फळा

माझी नात फोनवर कुठल्याशा गटात प्रश्न टाकते आणि तासाभरात चार अनोळखी माणसं तिला उत्तरं देतात. त्यातलं एक हमखास चुकलेलं असतं आणि एक उगाच उपदेश करणारं. सून म्हणते, यानं मुलं बिघडतात. मी मात्र नातीच्या शेजारी बसून ती सगळी उत्तरं चवीनं वाचते. असली उत्तरं मी पूर्वी खडूत लिहिलेली वाचली आहेत.

सत्तरच्या दशकात मी कोराडीच्या वसाहतीतल्या शाळेत मराठी शिकवत होते. माझ्या वर्गात कुणी प्रश्न विचारत नसे. कुणी हात वर केलाच, तर बाकीचे असे खिदळत की पुन्हा त्याची हिंमत होत नसे. मला याचा भयंकर संताप यायचा. ओरडून काही होत नाही हे कळायला मला दोन वर्षं लागली, कारण मला ओरडायला आवडायचं.

शाळेत एक फळा अडगळीत पडला होता, पाय मोडलेला. तो मी शिपायाला सांगून बसथांब्याच्या पत्र्याच्या शेडखाली टांगून घेतला. वीजकेंद्रात पाळीवर जाणारी माणसं तिथं बसची वाट बघत. शेजारीच दूध केंद्र होतं, त्यामुळे बायकांचाही राबता असे. मी फळ्याच्या मधोमध एक रेघ ओढली. अडलं असेल त्यानं डावीकडे लिहायचं, येत असेल त्यानं उजवीकडे. नाव घालायची गरज नाही. आणि कुणी कुणाचं पुसायचं नाही. चुकलेलं दिसलं तर खाली बरोबर लिहायचं. शनिवारी फळा मी पुसणार.

सुरुवातीला एका मुलाचं टोपणनाव आणि त्यापुढे ‘गाढव’, एवढंच आलं. मग कुणीतरी विचारलं, बर्फ पाण्यावर तरंगतो कसा. त्यावर पाळीच्या माणसांनी तीन उत्तरं लिहिली, तिन्ही वेगळी, आणि त्यातल्या दोघांची बस येईपर्यंत जुंपली. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली मुलं शाळा भरायच्या आधी तिथं गर्दी करून उभी होती. मी इतकी खूष झाले की त्या दिवशी कुणालाच रागावले नाही.

हळूहळू काही अक्षरं ओळखीची झाली. डाव्या कोपऱ्यात, अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरात रोज दहावीच्या बीजगणिताचा प्रश्न यायचा. मला वाटायचं, असेल कुणी लाजाळू मुलगा. त्याला उत्तर देणारं अक्षर मात्र छापल्यासारखं, ठसठशीत. ते माझ्या मागच्या ओळीतल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या एका ऑपरेटरचं होतं. एरवी हा माणूस नमस्काराच्या पुढे शब्द बोलायचा नाही, पण फळ्यावर त्याला बोलणं फुटायचं. ‘बेटा, घाई करू नको. पहिले चिन्ह पाहा,’ असं लिहून तो एकेक पायरी मांडायचा. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न फिरून आला, तर न कंटाळता वेगळ्या तऱ्हेनं समजावायचा.

मग एक दिवस डावीकडे मोठ्या अक्षरात प्रश्न आला: ‘जिथं वीज बनते तिथल्याच क्वार्टरमधले दिवे जातात. साहेबांच्या बंगल्यावरचे काहून जात नाहीत?’

फळ्यावर आलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न होता, असं माझं आजही मत आहे. उजवीकडे कुणी काही लिहिलं नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं. शाळा चालवणाऱ्या साहेब लोकांच्या कमिटीच्या नाकाला मात्र मिरच्या झोंबल्या. फळा काढून टाका, असंच ते म्हणत होते. मी भांडले, हेडमास्तरांनी हात जोडले, आणि शेवटी तडजोड निघाली: यापुढे प्रत्येक प्रश्नाखाली आणि उत्तराखाली नाव आणि क्वार्टर नंबर लिहायचा. मला वाटलं, चला, फळा तर वाचला.

फळा वाचला आणि मुका झाला. मोठी माणसं उत्तरं द्यायला तयार होती, पण प्रश्नच येईनात. कोपऱ्यातली ती मुंगीची अक्षरं तर त्याच दिवशी बंद झाली.

काही दिवसांनी दुधाच्या रांगेत एका बाईनं मला बाजूला घेतलं. कडेवर लहान मुलगा. त्या अबोल ऑपरेटरची बायको, एवढीच माझी तिची ओळख. ती हळूच म्हणाली, ‘‘बाई, कोपऱ्यातले प्रश्न मी लिहीत होती.’’

नववीत असताना तिचं लग्न झालं होतं. बाहेरून दहावीला बसण्यासाठी तिनं माहेरी जाऊन, भावाच्या मदतीनं फॉर्म भरला होता. नवऱ्याला पत्ता नव्हता. एकदा विषय काढला, तेव्हा तो पाळीवरून थकून आलेला. आता तुला शिकून कुठं जायचं आहे, म्हणाला आणि कूस बदलली. पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही.

‘‘पण उत्तरं तर तेच देत होते ना?’’ मी विचारलं.

‘‘हो ना बाई. घरी एक शब्द बोलत नाहीत, अन् फळ्यावर मले बेटा म्हणतात.’’ ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. ‘‘आता नाव लिहा म्हणतात. मी नाव कशी लिहू?’’

मला गणित येत असतं तर मीच शिकवलं असतं. पण माझं गणित हिशेबापुरतं. बीजगणित पाहिलं की मला घाम फुटतो. तेव्हा मी म्हटलं, तू प्रश्न मला सांग, मी माझ्या नावानं लिहिते. ती नको नको म्हणत होती. लोक तुम्हाला हसतील, म्हणाली. मी म्हटलं, हसू देत.

आणि लोक पोटभर हसले. रोज सकाळी दुधाच्या रांगेत ती प्रश्न सांगायची आणि मी तो फळ्यावर लिहून खाली सही ठोकायची. मराठीच्या बाई आता दहावीला बसून राहिल्या, अशी वसाहतभर थट्टा झाली. एका पालकानं हेडमास्तरांकडे तक्रार केली की, बाईंना एवढं साधं येत नाही तर पोरांचं काय होणार. हेडमास्तरांनी मला बोलावलं. मी त्यांना सांगितलं की शिकायला वयाची अट नाही आणि लाजही नाही, आणि तडक निघून आले. ऑपरेटर मात्र हसला नाही. बेटाच्या जागी ‘बाई’ आलं, बाकी पायऱ्या त्याच, धीर तोच.

परीक्षा तोंडावर आली तशी मला वेगळीच काळजी लागली. केंद्र नागपुरात, बर्डीवरच्या एका शाळेत. सकाळची बस पकडून जायचं, संध्याकाळी परतायचं, असे कितीतरी दिवस. मुलाला कुठं ठेवणार? नवऱ्याला सांगितल्याशिवाय ती वसाहतीबाहेर पडू शकत नव्हती. मी रोज तिच्यामागे लागायची, की सांगून टाक. ती म्हणायची, ‘‘आज सांगतो बाई.’’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेपरच्या आदल्या आठवड्यात मी तिच्यावर चिडले. इतकं सगळं करून घरीच बसणार असशील तर माझं कशाला हसं केलंस, असं बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती पांढरीफटक. आदल्या संध्याकाळी नवरा लवकर घरी आला होता. ती पाटीवर दोन नळांनी हौद भरायचं गणित सोडवत होती, जे मी फळ्यावर माझ्या नावानं लिहिलं होतं.

‘‘पाटी हातात घेतली, पाहिली, परत ठेवली. एक शब्द बोलले नाहीत. जेवले अन् झोपले,’’ ती म्हणाली. ‘‘पहाटे तसेच ड्युटीवर गेले. आता काय करू बाई?’’

आम्ही दोघी दूध घेऊन फळ्यापाशी आलो. थांब्यावर पाच-सहा माणसं फळा वाचून एकमेकांकडे आणि मग माझ्याकडे बघत होती.

उजवीकडे हौदाचं गणित पुरं सोडवलेलं होतं. खाली ऑपरेटरचं नाव, क्वार्टर नंबर. त्याखाली आणखी तीन ओळी होत्या, तशाच ठसठशीत:

‘पेपरच्या दिवसांची रजा आज टाकतो. पोरगं मी पाहीन. आता घरी विचारत जा.’

एकानं मला विचारलं, ‘‘बाई, हे तुमच्यासाठी आहे का?’’ मी तिच्याकडे पाहिलं.

तिनं मुलाला माझ्या कडेवर दिलं. खडू उचलला. पुसायचं नाही हा फळ्याचा नियम होता, म्हणून प्रश्नाखालच्या माझ्या नावावर तिनं एक आडवी रेघ मारली आणि सगळ्यांच्या देखत, चांगल्या मोठ्या अक्षरात, तिथं आपलं नाव लिहिलं.