आतोबांचा उखाणा आणि माझं जवसाचं तेल

बिघडलेली वस्तू माझ्या हातात येईपर्यंत दुरुस्त होण्यासारखी असते. मी अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरात मला कोणी अडवत नाही. (बायको अडवते, पण तिचा विषय मराठी होता.)

म्हणून अकोल्याहून कमलआत्याचा फोन आला तेव्हा मी छाती पुढे काढूनच तो घेतला. रविवारी तिचं सहस्रचंद्रदर्शन होतं. तिला भेट म्हणून एकच गोष्ट हवी होती, माझ्या वडिलांचा जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर, चालू करून! कारण तिच्या पहिल्या मुलाच्या बारशात आतोबांनी उखाण्यात तिचं नाव घेतलं, असं आत्या पंचावन्न वर्षं सांगत आली होती. आता आतोबा म्हणजे बायकोला जन्मभर फक्त "अवं" म्हणून हाक मारणारा माणूस. कोणाचा विश्वास बसणार? तिच्या नणंदेचा तर मुळीच नव्हता. आतोबा गेले, आणि पुरावा उरला तो वडिलांनी त्या दिवशी भरलेल्या टेपमध्ये.

"मले एकडाव ऐकू दे," आत्या म्हणाली, "अन् माह्या नणंदेलेई."

मी मशीन उघडली. आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालं होतं. ते खरवडून मी माझ्या पायजम्याचं इलॅस्टिक शिवून बसवलं. मग चाकांना तेल. मशीनचं तेल घरात नव्हतं, स्वयंपाकघरात जवसाचं होतं, ते सढळ हाताने सोडलं.

"अवो, जवसाचं तेल सुकलं का चिकटते," बायको म्हणाली. "एकडाव कढई घासून पाहा."

मी तिला घर्षण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तो मंगळवार होता. चाकं झकास फिरली, म्हणून मी झाकण लावलं ते थेट अकोल्यात उघडायला.

रविवारी आत्याला ओवाळून झालं. नणंदबाई पुढच्याच खुर्चीत सुपारी कातरत बसल्या होत्या. मी बटण दाबलं. इलॅस्टिक सैल पडलेलं, त्यामुळे पाळणा म्हणणाऱ्या बायका तालमीतल्या पहिलवानांसारख्या गाऊ लागल्या. मी इलॅस्टिकला गाठ मारली, तर त्यांच्या चिमण्या झाल्या! हॉल हसून लोळायचा बाकी होता. तेवढ्यात चाकं थांबली ती थांबलीच. पाच दिवसांत जवसाने आपलं काम चोख केलं होतं आणि गरम मशीनमधून तळणीचा वास येत होता. आत्याचा हसरा चेहरा उतरला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्या उठली. तिने चाळीस वर्षं हाताच्या शिलाई मशीनवर गावाची पोलकी शिवली होती. "टेप ओढते कोनतं चाक?" तिने विचारलं. मी दाखवलं. मग मी टेप मशीनच्या हेडला चिकटवून धरली आणि आत्या एका बोटाने स्पूल फिरवू लागली, शिवण घालावी तशी, एका चालीत. पाळणा संपला. बायकांचा आग्रह झाला. आणि मग आतोबांचा वैतागलेला, खणखणीत आवाज आला:

"अमरावतीची पोरगी, अकोल्याचा वारा, कमलचं नाव घेतो, आता पुरे करा!"

नणंदबाईंचा अडकित्ता मांडीवर पडला. "वयनी," त्या म्हणाल्या, "दादाच हाय व हा."

आत्याने स्पूल मागे फिरवून तीनदा ऐकलं. लोक अजून मला हसत होते, तेव्हा ती म्हणाली, "हसू नका रे. यानं पेटी फेकली नाई, म्हनून आज ह्यायचा आवाज आला." त्या एका वाक्यासाठी मी तिचा जन्माचा ऋणी आहे. मी तिच्या पाया पडलो आणि डोळे पुसले.

तिथेच थांबायला हवं होतं. पण आत्याचं बोट फिरतच राहिलं. टेपमधून एका पाच वर्षांच्या पोराचा, म्हणजे माझा, आवाज आला: "बाबा, हे खोलून पाहू?" आणि पाठोपाठ वडिलांचा: "त्याले हात नको लावू, लेका!"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. बायकोने तेवढीच जागा आत्याकडून पुन्हा तीनदा लावून घेतली.